कोऱ्या खोलीतल्या इंदूताई

प्रयोगशाळेत रुजू झाले त्या दिवशी इंदूताईंनी माझ्या हातात एक कच्चं अंडं ठेवलं. "कवच काड," त्या म्हणाल्या. "आतला पापुद्रा फाटला न्हाई पायजे. फाटला तर दुसरं घ्यायचं. ट्रेमधी तीस हायेत."

मी एम.एस्सी. करून आले होते. लोणावळ्याहून सकाळची लोकल धरायची, तळेगावला उतरायचं आणि दोन-तीन वर्षांत नावामागं डॉक्टर लावायचं, असा माझा सरळ हिशेब होता. मला वाटलं होतं, सूक्ष्मदर्शक देतील, निदान एखादं जाडजूड पुस्तक तरी. आणि समोर ही पन्नाशीची, ठेंगणी, पदर कमरेला खोचून वर पांढरा कोट चढवलेली बाई अंडं सोल म्हणत होती. मी माझ्या मार्गदर्शक सरांकडं पाहिलं. सर हसून म्हणाले, "त्या सांगतील तसं करा. मलाही त्यांनीच शिकवलंय." त्या दिवशी मी अकरा अंडी फोडली. इंदूताईंनी ती एका डब्यात ओतून घेतली आणि संध्याकाळी शेजारणीच्या पोरांसाठी घरी नेली.

महिनाभर माझं हेच चाललं होतं. एकदा संपूर्ण अंडं पापुद्र्यासकट निघालं, तळहातावर मऊ मऊ हलायला लागलं, तेव्हा मला कोण आनंद झाला. ताईंनी ते उजेडाकडं धरून पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "आता उंदराची चादर बगू."

मेंदू कवटीत नुसता ठेवून दिलेला नसतो. त्याच्याभोवती तीन पापुद्रे असतात. पुस्तकांत त्यांना भारदस्त नावं आहेत, पण इंदूताईंची नावं वेगळी होती. सगळ्यात बाहेरची जाड ती चादर, मधलं ते जाळं, आणि मेंदूला बिलगलेली ती साय. चादर कवटीच्या आतल्या अंगाला घट्ट धरून असते, आणि ती न फाटता सोडवणं हे सोपं काम नाही. आपण फोन डोक्याला लावतो तेव्हा त्याची लहर मेंदूपर्यंत पोचायच्या आधी कातडीतून, हाडातून आणि या चादरीतून जाते. जाताना ती तिथं काही करून जाते का, एवढाच आमच्या सरांचा प्रश्न होता. आधीच सांगून टाकते, त्याचं उत्तर माझ्याकडं आजही नाही.

"मेंदू सगळेच बगत्यात," इंदूताई म्हणायच्या. "राजाला कोण वळखत न्हाई? राजाच्या दारात हुबा ऱ्हातो त्याला इचारा, काल कोण आलतं."

ताई आंबीच्या. घरची थोडी भातखाचरं, नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता, तो लवकर गेला. आमचं कॉलेज नवं उघडलं तेव्हा त्या झाडलोट करायला लागल्या. पिंजरे धुता धुता उंदीर धरायला शिकल्या, धरता धरता चिरायला शिकल्या, आणि सातवी पास झालेल्या या बाईकडं पुण्याहून डॉक्टर मंडळी चादर काढायला शिकण्यासाठी यायला लागली. आलेल्या प्रत्येकाला अंडं मिळायचं. एका फार मोठ्या डॉक्टरांनी "मला याची गरज नाही" असं म्हटलं, तेव्हा ताईंनी त्यांना चहा पाजला आणि परत पाठवून दिलं.

त्यांच्याकडं एक बारीक टोकाचा चिमटा होता. तो कुणाला देत नसत. उंदीर मेला असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. "कामी आला म्हण," त्या डाफरायच्या. "मरत्यात ते घरातलं, गोळी खाऊन." औषधांचा वास हातांना मुरलेला असायचा, म्हणून जेवायच्या आधी लिंबाची फोड प्रत्येक नखात घासायच्या. आणि पोळ्याच्या दिवशी उंदरांना पुरणपोळी द्यायच्या. पहिल्या वर्षी मी हे पाहिलं आणि धावतच गेले. प्रयोगाच्या दोन्ही खोल्यांतल्या जनावरांचं खाणं ठरलेलं, तोलून मापून दिलेलं. त्यात ही पुरणपोळी!

"अहो ताई, प्रयोग बिघडेल!"

"कसा बिगडंल? दोनी खोल्यास्नी सारकीच दिली. तोलून दिली. ज्याच्याकडनं काम घ्यायचं त्याचा सण नगं व्हय?"

सर म्हणाले, शास्त्राच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे. दोन्हीकडं सारखं असलं की फरक पडत नाही. प्रयोग म्हणजे काय ते या बाईला माझ्यापेक्षा चांगलं कळतं, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणूनच पुढं जे झालं ते अजून मनातून जात नाही.

दोन खोल्या होत्या, एकाच ओसरीवर, मधे भिंत. एक चालू खोली आणि एक कोरी खोली. चालू खोलीत प्रत्येक पिंजऱ्याखाली एक मोबाइल, आणि रोज ठरलेल्या वेळी त्यावर कॉल लावून ठेवायचा. कोऱ्या खोलीत तसेच पिंजरे, तसेच मोबाइल, पण आतली बॅटरी काढलेली. दाणापाणी तेच, दिवे तेच, पंख्याचा आवाजसुद्धा तोच. कोरी खोली म्हणजे आमची मोजपट्टी. तिथल्या उंदरांना काहीही झालेलं नसलं पाहिजे, तरच चालू खोलीतल्यांना काय झालं ते ओळखता येतं.

चालू खोलीच्या दारावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती, "फोन आत नेल्यास याद राखा." दाराशी भाकरीची एक दुरडी टांगलेली असायची. आत जाणाऱ्यानं, मग ते सर का असेनात, फोन तिच्यात टाकायचा. बाहेरचा फोन आत गेला तर आमच्या मापाच्या लहरीत भलतीच लहर मिसळेल, ही भीती. ताई या बाबतीत इतक्या कडक होत्या की त्यांनी एकदा तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्याचा खिसा चाचपला होता.

मग फोनवर बोलायचं कुठं? ओसरीवर जनरेटरची घरघर. अंगणात ऊन. कोरी खोली थंड, शांत आणि दार लोटून घेता येण्याजोगी. रेंज मात्र चालू खोलीसारखी सगळीकडं नव्हती, फक्त खिडकीपाशी यायची, तीही जेमतेम, आणि खिडकीला लागूनच पिंजऱ्यांची मांडणी होती.

ताईंच्या मुलीचं, मनीचं, लग्न आदल्या वर्षी झालं होतं. सासर लांब, मराठवाड्यात. दुपारी सासू लवंडली की तिला फोन मिळायचा, म्हणून तो एक वाजता यायचा. एक वाजला की ताई डबा घेऊन कोऱ्या खोलीत जायच्या. खिडकीशी स्टूल, मांडीवर डबा, एका हातात घास, दुसऱ्या हातानं फोन कानाला, कोपर मांडणीवर टेकलेलं. पाऊण तास, कधी तास. बोलायच्या त्या कमीच. "व्हय", "बरं", "रडू नगं", "तू जेवलीस का", एवढंच. बाकी सगळं पलीकडून. फोन संपला की त्या तो पिंजऱ्याला टेकवून ठेवायच्या, कारण मनी बऱ्याचदा पुन्हा लावायची.

तिथं जायच्या त्या एकट्याच नव्हत्या. माझंही तेव्हा लोणावळ्यातल्या एका मुलाशी ठरत होतं. ठरण्याआधीची सगळी बोलणी, सगळे रुसवेफुगवे मी त्याच खिडकीत उभी राहून केले. सरांनीही तिथून फोन केलेले मी पाहिलेत. आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काय करतोय. पाटी चालू खोलीवर होती ना!

दीड वर्षानं उंदीर कामी आले. ताईंनी चादरी काढल्या, एकही फाटली नाही. चादरीला एक निळा रंग दिला की तिच्यातल्या काही पेशी जांभळ्या उठून दिसतात. त्या राखणदार पेशी, दाण्यांनी भरलेल्या. आजूबाजूला काही त्रास झाला की त्यांच्यातले दाणे बाहेर सांडतात. ताई त्यांना पोती म्हणायच्या. भरलेलं पोतं, सांडलेलं पोतं. काचपट्ट्यांवर फक्त नंबर होते. कुठला नंबर कुठल्या खोलीचा ते सरांच्या कपाटात पाकिटात बंद. मोजणाऱ्यानं निष्पक्ष राहावं म्हणून असं करतात. ताई रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायच्या आणि मोजायच्या. सुरुवातीला गुणगुणायच्या. मग गुणगुणणं थांबलं. एक दिवस डोळे चोळत म्हणाल्या, "लय सांडल्यात गं. जिकडं बगावं तिकडं सांडल्यात."

मला उलट हुरूप आला. म्हणजे काहीतरी सापडणार!

पाकीट उघडलं आणि माझं तोंड उतरलं. दोन्ही खोल्यांचे आकडे जवळजवळ सारखे. सर म्हणाले, "फरक नाही. फरक नाही हेसुद्धा उत्तरच असतं." बरोबरच होतं ते. घरी जाताना माझी निराशा ओसरलीही होती. प्रबंध पूर्ण होणार होता, बाकी कुणाला काय!

ताई मात्र हलायला तयार नव्हत्या. "पर सांडल्यात की," त्या दुसऱ्या दिवशी म्हणाल्या.

"दोन्हीकडं सारखीच सांडलीत, ताई. म्हणजे फोनचा संबंध नाही."

"तेच तर म्हनते मी. कोऱ्यांची का सांडावी?"

त्यांच्या ताब्यात एक जुनं कपाट होतं. तळेगावात कुणाच्या हातात मोबाइल आलेला नव्हता, तेव्हाच्या कुठल्याशा प्रयोगातले नमुने बरण्यांत भरून तिथं ठेवलेले. ताईंनी कुणाला न विचारता त्यातल्या चादरी काढल्या, रंग दिला, आणि मला बोलावलं. मी डोळा लावला. पोती भरलेली होती. गच्च, तोंड बांधल्यासारखी, एकामागून एक.

सरांनी पाहिलं आणि मान हलवली. म्हणाले, इतकी वर्षं बरणीत पडलेला नमुना, वेगळ्या जातीचे उंदीर, वेगळं खाणं. याची त्याची तुलना होत नाही. हेही खरं होतं. सर लबाड नव्हते, हे मला नीट सांगितलं पाहिजे. त्यांचं प्रत्येक वाक्य खरं असायचं.

त्यानंतर आठवड्याभरातली गोष्ट. मी कोऱ्या खोलीत काहीतरी न्यायला गेले. तिथं पुढच्या प्रयोगासाठी नवे उंदीर आणून ठेवले होते. ताई स्टुलावर, हातात घास. एक वाजला होता. मांडणीवर पिंजऱ्याला टेकलेला फोन थरथरत होता, आणि ताई तो उचलत नव्हत्या. पिंजऱ्यातला उंदीर फोनच्या बाजूनं उठून पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन बसला. तो थरथरीमुळं उठला असणार, दुसरं काही नाही. पण ताई त्याच्याकडं बघत राहिल्या. फोन वाजून वाजून थांबला.

"मी हितं किती दिस बसतीये गं?" त्यांनी विचारलं.

तेव्हा मला कळलं. दीड वर्ष, रोज दुपारी, पिंजऱ्याला टेकून. आणि मी. आणि सर. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. वर आणखी एक गोष्ट सरांनीच आम्हाला पूर्वी शिकवली होती: रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो. म्हणजे त्या खिडकीत आमच्या फोनांनी चालू खोलीतल्यांपेक्षा जास्तच जोर लावला असेल, कोण जाणे. आमच्याकडं दोन चालू खोल्या होत्या आणि कोरी एकही नव्हती.

ताई त्याच पावली सरांकडं गेल्या आणि सगळं सांगितलं, स्वतःचं नाव घेऊन. माझं घेतलं नाही. मीही पुढं होऊन सांगितलं नाही. सरांनी टेबलावरचा कागद फाइलीत ठेवला. मग म्हणाले, "ताई, पुन्हा करायला ना निधी आहे ना मुदत. आपण जे पाहिलं ते लिहिलंय." अहवाल गेला. "दोन्ही गटांत फरक आढळला नाही." माझा प्रबंधही त्याच वाक्यावर उभा राहिला आणि मी डॉक्टर झाले. आभाराच्या पानावर ताईंचं नाव पहिलं होतं. त्या माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "माजं नाव काड त्यातनं. खोटं न्हाई त्यात काय, पर खरंबी न्हाई." मी काढलं. भांडले नाही, रडले नाही, मुकाट्यानं काढलं. याची लाज मला आज वाटते, आणि खरं सांगायचं तर तेव्हाही वाटली होती.

पण ताईंनी हात टेकले नव्हते. एका रविवारी त्या मला लोहगडवाडीला घेऊन गेल्या. त्यांची धाकटी बहीण तिथून पुढं, डोंगराच्या आडोशाला एका वस्तीवर राहायची. बरोबर झाकलेल्या टोपलीत सहा पिल्लं, प्रयोगातून उरलेली, काढून टाकायची म्हणून ठरलेली. हे नियमात बसणारं नव्हतं. मी बरोबर गेले, कारण नाही म्हणायला मला तोंड उरलं नव्हतं.

गडावर जाणाऱ्यांची गर्दी होती. भज्यांच्या टपऱ्यांपुढं शहरातली पोरं फोन उंच धरून रेंज शोधत फिरत होती. आणि त्यांच्यामधून इंदूताई, डोक्यावर टोपली, हातात फोन, नेमकं उलटं शोधत चाललेल्या. "हितं दोन दांड्या हायेत. चल फुडं." "हितं एक. अजून फुडं." वस्तीच्या मागं बहिणीचा गोठा होता, आणि गोठ्यामागं कातळाची भिंत. तिथं फोनवरची शेवटची दांडीही गेली. ताईंनी फोन फिरवून फिरवून पाहिला, बंद करून पुन्हा लावला. काही नाही. कित्येक महिन्यांनी त्या हसल्या. "हितं," म्हणाल्या.

बहिणीला त्यांनी सगळं समजावलं. दाणा किती, पाणी किती, जवळ फोन आणायचा नाही, कुणाला आणू द्यायचा नाही. बहिणीनं उंदरांपायी आपलं मांजर जावेच्या घरी पाठवून दिलं. सगळी वस्ती हसली. उंदरांसाठी मांजराला घराबाहेर काढणारी बाई मावळात दुसरी झाली नसेल.

ताई दर पंधरा दिवसांनी जायच्या, फोन घरी ठेवून. वर्ष-दीड वर्ष तरी तिथं वाढले पाहिजेत, मग चादर काढून बघायची, असं त्यांनी ठरवलं होतं. कुणासाठी? अहवाल गेलेला, प्रबंध बांधून कपाटात लागलेला. मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, "मला बगायचंय. मी बिगडावलंय, मलाच बगाया नगं?"

चार-पाच महिने झाले असतील. आम्ही दोघी प्रयोगशाळेत काचपट्ट्या धूत होतो. ताईंचा फोन वाजला. अनोळखी नंबर. बहीण होती. तिचा आवाज इतका खणखणीत की मलाही शब्दन् शब्द ऐकू आला.

"आक्का! वळखलंस का? अगं, पोरानं फोन घेऊन दिला. टेकाडावर टावर हुबा केलाय, कालच चालू झाला. आता रोज बोलता येतंय बग! आता बी गोठ्यामागनंच बोलतीये, तुज्या उंदरांपाशी बसून!"

ताई म्हणाल्या, "बरं झालं बाई. पोरंबाळं बरी हायेत नव्हं?" त्यांनी सगळ्यांची विचारपूस केली, फोन ठेवला आणि उरलेल्या काचपट्ट्या धुतल्या. हात पुसताना म्हणाल्या, "संपला गं कोरा उंदीर." बहिणीचा आनंद खोटा नव्हता. त्या वस्तीवरून यापूर्वी रात्री-अपरात्री अडलेल्या बाईला झोळीत घालून खाली आणावं लागायचं. टॉवरला नावं ठेवायची कुणाची हिंमत होती? पण ताईंचा चेहरा पाहून मला त्या दिवशी पहिल्यांदा खरी भीती वाटली. आम्ही सगळे आता एकाच खोलीत होतो, आणि ती कुठली खोली ते आम्हाला माहीत होतं.

मग त्या निवृत्त झाल्या. मी लोणावळ्यात शिकवायला लागले, संसारात पडले. वर्षं गेली. मधे कुणीतरी म्हणालं, इंदूताईंना ऐकू कमी येतं, चालताना एका अंगाला जातात, पण दवाखान्यात जायला तयार नाहीत. आज जाऊ उद्या जाऊ करत मी एका सुट्टीच्या दिवशी आंबीला गेले.

त्या अंगणात बसल्या होत्या. वाळल्या होत्या, पण नजर तीच, सुईसारखी. मी डाव्या बाजूनं हाक मारली, ओ आली नाही. उजवीकडं जाऊन बसले तेव्हा म्हणाल्या, "तिकडनं मारलीस व्हय हाक? तिकडं आता कोन ऱ्हात न्हाई."

मी दवाखान्याचं काढलं. कानात मळ असेल, वयामुळं असेल, आणि दुसरं काही असलं तरी वेळेवर कळलेलं बरं, त्यावर उपाय असतात, असं कितीतरी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

"मशिनीत घालून लांबनं बगत्यात," त्या म्हणाल्या. "सांडलेलं पोतं लांबनं दिसतंय व्हय? आन् काय निगालं तर ते कापनार, भाजनार. मग चादर कुटं ऱ्हायली बगायला?"

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं, मला चादर शिकवताना सांगायच्या तशीच, एकेक पायरी. मनीचा फोन यायचा तो जेवताना. उजव्या हातात घास, म्हणून फोन कायम डाव्या कानाला. ते ध्यानात आल्यापासून त्यांनी फोन उजव्या बाजूला एकदाही नेला नव्हता. एकदाही नाही, इतक्या वर्षांत. उशाला ठेवायच्या नाहीत, स्पीकर लावायच्या नाहीत. "डावी चालू, उजवी कोरी," त्या म्हणाल्या. "एकाच डोक्यात दोन खोल्या. दानापानी तेच, वय तेच, रगत तेच. सरास्नी म्हनावं, आता करा तुलना." देहदानाचा फॉर्म भरला होता, पुतण्यानं सही केली होती. राहिलं होतं फक्त चादर न फाडता काढणारं माणूस.

"ताई, एका डोक्यावरून काही सिद्ध होत नाही. शिवाय आजूबाजूला टॉवर आहेत, सगळीकडं लहरी आहेत, उजवी बाजू पूर्ण कोरी कशी असेल?"

"म्हाईत हाय मला. त्यातल्या त्यात कोरी. याच्यापरीस कोरं आता कुटं गावायचं, सांग."



त्यांनी माझ्या हातात फणी दिली आणि पाठ करून बसल्या. मी मागं बसले. माझी आई माझे केस विंचरायची तशी, फक्त आता माझ्या मांडीपुढं ते लहानसं, पांढरं झालेलं डोकं होतं. त्यांनी माझं बोट धरलं आणि आधी उजव्या कानामागं टेकवलं. "ही आदी काड. हात बसंल तुजा. मग डावी." बोट डावीकडं नेलं. तिथं हाडाला किंचित उंचवटा लागला, की मला तसं वाटलं. "घाई करू नगं. हाडाला धरून बसलेली असती." मी फणी फिरवत राहिले. डोळ्यांतलं पाणी गळत होतं, मी मागं होते म्हणून बरं, त्यांना ते दिसलं नाही. नाही म्हणायची हिंमत मला तेव्हाही झाली नाही. "काढेन," म्हटलं.

तेवढ्यात फोन वाजला. एक वाजला होता. मनीची सासू कधीच वारली होती, पण वेळ तीच राहिली होती. ताईंनी फोन उचलून डाव्या कानाला लावला.

त्या कानानं त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, आणि उजव्यापर्यंत फोनमधलं बोलणं पोचत नव्हतं. मला मात्र मागून येत होतं, आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवलेला होता. मनी म्हणत होती, "आई, आता न्हाई सोसत गं. काल परत हात उचलला त्यानं. मी येऊ का तिकडं? कायमची येऊ का?"

"व्हय," ताई म्हणाल्या. "जेवले की. भाजी केलती. तू जेवलीस का?"

पलीकडून पुन्हा, "आई, ऐकतीयेस ना? येऊ का म्हनते मी."

"बरं, बरं. रडू नगं."

मला कळून चुकलं की हे आजचं नव्हतं. किती महिने, किती वर्षं ती पोर एका बंद दारावर धडका मारत होती, आणि आई काही ऐकू येत नसताना रोज सवयीची तीच उत्तरं देत होती. मी ताईंच्या हातातून फोन ओढून घेतला आणि त्यांच्या उजव्या कानाला लावायला गेले. त्यांनी झटकन तळहातानं उजवा कान झाकला. घट्ट, बोटं पांढरी पडेपर्यंत.

"ताई, मनी काय म्हणतीये ते ऐका तरी!"

"तू आयिक," त्या म्हणाल्या, "आन् मला सांग."

मग मीच फोन कानाला लावला. "मने, ये," म्हटलं. "आई ये म्हणतीये. आजच निघ." पलीकडं रडू फुटलं. मी मोठ्यानं ओरडून ताईंना सांगितलं, मनी काय सोसतीये आणि मनी येतीये. त्यांचे डोळे भरून आले, त्यांनी दोनदा मान हलवली, पण कानावरचा हात काही निघाला नाही. आणि भरल्या डोळ्यांनी त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या, मी फोन कुठल्या बाजूला धरलाय ते.